वक्फनाम्यातले यतीम आणि बाजारगल्लीतली दुकाने

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जामा मशिदीच्या नावे बाजारगल्लीत चौदा दुकाने, शिवारात साडेअकरा एकर कोरडवाहू जमीन आणि जुने कब्रस्तान अशी वक्फची, म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमची राखून ठेवलेली, मिळकत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झालो, त्यानंतर मशिदीच्या इंतेजामी (व्यवस्थापन) कमिटीने सचिवपदाची जबाबदारी माझ्यावर सोपवली. त्या वेळी या सगळ्या मिळकतीचे वर्षाचे उत्पन्न तीस हजार रुपयांच्या आत होते. दुकानांची भाडी महिन्याला शंभर ते अडीचशे रुपये होती. त्याच गल्लीत समोरच्या बाजूच्या खासगी गाळ्यांना पाच हजार रुपये भाडे मिळत होते. मशिदीचे वीजबिल आणि इमामसाहेबांचे मानधन मात्र दर जुम्म्याला फिरणाऱ्या झोळीतून भागवले जात होते, म्हणजे ज्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे काही नाही अशा हमाल, गवंडी आणि भाजीविक्रेत्यांच्या खिशातून. गावातल्या गरिबांसाठी म्हणून कधीतरी कोणी ठेवून गेलेली मिळकत गरिबांच्याच वर्गणीवर जगत होती. ही परिस्थिती बदलण्यासाठी आम्ही गेल्या काही वर्षांत जे केले, त्याचा हा वृत्तान्त आहे. आपल्या गावात अशी मिळकत आहे आणि तिचे काय करावे हे सुचत नाही, अशा वाचकांना त्याचा उपयोग व्हावा या हेतूने तो सविस्तर लिहीत आहे.

कामाची सुरुवात कागद शोधण्यापासून झाली. कमिटीच्या कपाटात भाडेपावत्यांची पुस्तके आणि उरुसाचे हिशेब होते, परंतु वक्फ कोणी केला, कधी केला आणि कशासाठी केला हे सांगणारा एकही मूळ कागद नव्हता. जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘खिदमतमाश इनाम’ असा शेरा होता. त्यावरून ही जमीन निजामाच्या काळात मशिदीच्या सेवेसाठी दिलेली आहे एवढे कळत होते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आमच्याकडच्या अशा मिळकतींची मुळे संस्थानच्या उमूर-ए-मजहबी या धार्मिक व्यवहार खात्याच्या दप्तरात सापडतात. इनामाची चौकशी होऊन जो मंजुरीचा दस्त दिला जात असे त्याला मुंतखब म्हणतात. मुतवल्ली (वक्फाची व्यवस्था पाहणाऱ्या) घराण्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी आजोबांच्या पेटीतून आमच्या मुंतखबाची नक्कल काढून दिली. ती फसली सन १३३१ ची, म्हणजे इसवी सन १९२१-२२ ची होती. शिकस्ता वळणाचे ते उर्दू अक्षर मला लागत नव्हते, कारण माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. छत्रपती संभाजीनगरात जुने दस्त वाचणारे जे मोजके जाणकार आज उरले आहेत, त्यांतल्या एकांनी ते वाचून दिले. जमिनीच्या उत्पन्नातून मशिदीची दिवाबत्ती, खतीबाचे (जुम्म्याचे प्रवचन देणाऱ्याचे) मानधन आणि उरलेल्या रकमेतून मुसाफिर व मिस्कीन (गरीब) यांना जेवण, असा त्यातला मजकूर होता.

दुकानांचा कागद अधिक महत्त्वाचा ठरला. तो १९५२ साली, मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात असताना नोंदवलेला वक्फनामा होता. नोंदणीच्या जुन्या बहीतून त्याची प्रमाणित नक्कल मिळवायला बराच काळ लागला. एका कापडव्यापाऱ्याच्या विधवेने आपल्या वाट्याला आलेली दुकानांची संपूर्ण ओळ अल्लाहच्या नावे वक्फ केली होती. उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग मशिदीच्या देखभालीसाठी आणि दोन तृतीयांश भाग ‘या कसब्यातील यतीम मुलांचे शिक्षण आणि बेवा स्त्रियांचा निर्वाह’ यासाठी, म्हणजे वडील गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि विधवांच्या निर्वाहासाठी, खर्च करावा, असे तिने लिहून ठेवले होते. खाली तिचा अंगठा आहे. जिला स्वतःला सही करता येत नव्हती, तिने शिक्षणाला पहिले स्थान दिले होते. कमिटीच्या बैठकीत हा मजकूर वाचला गेला तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही. बैठकीला बसलेल्यांपैकी दोघे जण लहानपणी वडील गेलेले होते आणि दोघांनीही चौथी-पाचवीत शाळा सोडली होती. ज्या दुकानांसमोरून ते रोज जात होते, त्या दुकानांच्या उत्पन्नावर त्यांचा हक्क होता आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

वक्फाची कल्पना ज्या वाचकांना अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रेषित मुहंमद यांचे सहकारी हजरत उमर यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा त्यांनी तिचे काय करावे हे प्रेषितांना विचारले. मूळ मिळकत राखून ठेव आणि तिचे उत्पन्न दान कर, असे उत्तर त्यांना मिळाले. ती जमीन विकता येणार नाही, बक्षीस देता येणार नाही, वारसाहक्काने वाटली जाणार नाही आणि तिचे उत्पन्न गरीब, नातेवाईक, गुलामांची मुक्तता, मुसाफिर आणि पाहुणे यांच्यासाठी वापरले जाईल, अशा अटी त्यांनी घातल्या. वक्फाचा सगळा कायदा पुढे या अटींभोवती वाढला. जकात आणि वक्फ यांत महत्त्वाचा फरक इथेच आहे. जकात ठरावीक संपत्ती असलेल्या प्रत्येकावर दरवर्षी बंधनकारक आहे आणि ती ठरलेल्या आठ प्रकारच्या गरजूंपर्यंत पोहोचून खर्च होते. वक्फ ऐच्छिक आहे, पण एकदा केला की भांडवल कायम राहते आणि पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देत राहते. आजच्या भुकेवर जकात हा उपाय आहे. एखाद्या कुटुंबाला दारिद्र्यातून बाहेर पडायला जी दहा-बारा वर्षे लागतात, तेवढा काळ सलग पाठीशी उभे राहण्याचे सामर्थ्य वक्फात आहे. जेरुसलेममध्ये ऑटोमन सुलतान सुलेमान यांच्या पत्नी हसेकी हुर्रेम सुलतान यांनी १५५२ मध्ये वक्फ करून गरिबांसाठी स्वयंपाकघर उभारले. गावेच्या गावे त्याला उत्पन्नासाठी लावून दिलेली असल्यामुळे ते शतकानुशतके चालले. आपल्याकडे हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ मध्ये हमदर्द दवाखाना वक्फ केला आणि औषधांच्या विक्रीचा नफा शिक्षण आणि आरोग्याकडे वळवला. त्यातून दिल्लीत विद्यापीठ उभे राहिले.

आमच्या गावची स्थिती अपवादात्मक नव्हती, हे देशातल्या मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीचा २००६ चा अहवाल वाचल्यावर स्पष्ट झाले. देशात सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मिळकती असून त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ६ लाख एकर आहे, त्यांचे पुस्तकी मूल्य ६,००० कोटी रुपये आहे आणि वार्षिक उत्पन्न केवळ १६३ कोटी रुपये आहे, असे समितीने नोंदवले होते. हे उत्पन्न पुस्तकी मूल्याच्या २.७ टक्के भरते. त्या वेळचे बाजारमूल्य समितीने १.२ लाख कोटी रुपये धरले होते आणि त्यावर दहा टक्के उत्पन्न मिळाले तर ती रक्कम वर्षाला १२,००० कोटी रुपये होईल असे म्हटले होते. हा आकडा भाषणांत वारंवार ऐकू येतो. परंतु ऐकणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे, की या मिळकतींपैकी फार मोठा भाग मशिदी, कब्रस्ताने, ईदगाह आणि दर्गे यांचा आहे, ज्यांतून उत्पन्न येत नाही आणि येण्याची अपेक्षाही नाही. म्हणून आम्ही देशाच्या हिशेबात न शिरता आमच्या चौदा दुकानांचा आणि साडेअकरा एकरांचा हिशेब मांडायचे ठरवले.

कागद हातात आल्यानंतर पुढचे काम वक्फ बोर्डाकडच्या नोंदी तपासण्याचे होते. १९९५ च्या वक्फ कायद्याखाली महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाची, म्हणजे आताच्या बोर्डाची, स्थापना २००२ मध्ये झाली. त्याआधी मराठवाड्यासाठी वेगळे वक्फ बोर्ड होते, तर उर्वरित महाराष्ट्रातले मुस्लिम न्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले जात. मंडळाचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून तिथे अठराव्या शतकात जाते फिरवले जाई आणि दर्ग्यावर येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व शिष्यांसाठी दळण दळले जाई. तिथे काम घेऊन गेलेल्या माणसाने ते जाते अवश्य पाहावे असे मला वाटते, कारण देणगीच्या पैशाने एखादे यंत्र उभे करावे आणि त्या यंत्राने रोज भाकरीचे पीठ द्यावे, ही वक्फाची सगळी रीत त्यात डोळ्यांना दिसते. आमच्या मिळकतीची नोंद जुन्या राजपत्रातल्या यादीत सापडली, पण दुकानांची संख्या चौदाऐवजी अकरा होती आणि जमिनीचा एक गट सुटलेला होता. मोजणी करून घेणे, चतुःसीमा निश्चित करणे, फेरफाराच्या नकला जोडणे आणि दुरुस्तीचा अर्ज करणे यांत पहिले सगळे वर्ष गेले.

या कामात असतानाच २०२५ चा वक्फ दुरुस्ती कायदा आला. तो ८ एप्रिलपासून लागू झाला, ६ जूनला वक्फ मिळकतींची माहिती भरण्याचे केंद्र सरकारचे ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि प्रत्येक नोंदणीकृत वक्फाची माहिती सहा महिन्यांत त्यावर भरणे बंधनकारक झाले. या कायद्यावर तीव्र मतभेद आहेत, माझेही काही आक्षेप आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने त्यातल्या काही तरतुदींना स्थगिती दिली आहे. मात्र नोंदणी आणि माहिती भरण्याच्या अटीला स्थगिती नव्हती, त्यामुळे थांबण्यात शहाणपण नव्हते. आणखी एका बदलाने आम्हाला घाईला लावले. पूर्वी वक्फ मिळकतीचा ताबा परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीचा कायदा लागू नव्हता, ते संरक्षण दुरुस्तीने काढून टाकले. ज्या कमिट्या ‘आज ना उद्या बघू’ म्हणत बसल्या आहेत, त्यांच्या मिळकतीवर बसलेल्या माणसाची बाजू आता दरवर्षी बळकट होत जाणार आहे. हे मी आजूबाजूच्या प्रत्येक गावातल्या कमिटीला सांगत असतो.

पोर्टलवर माहिती तीन टप्प्यांतून जाते. मुतवल्ली किंवा कमिटीने ती भरायची, बोर्डाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने तपासायची आणि त्यावरच्या अधिकाऱ्याने मंजूर करायची. भरायच्या तपशिलात मिळकतीच्या सीमा, सध्याचा वापर आणि ताबेदार, वाकिफाचे (वक्फ करणाऱ्याचे) नाव, वक्फाची तारीख, उपलब्ध असल्यास वक्फनामा, वार्षिक उत्पन्न, सारा व कर, आणि न्यायालयात चालू असलेली प्रकरणे एवढे सगळे येते. त्याखेरीज उत्पन्नातली किती रक्कम धार्मिक कामांसाठी आणि किती धर्मादाय कामांसाठी ठेवली आहे, हेही स्वतंत्रपणे लिहावे लागते. आमच्या मागच्या अनेक वर्षांच्या हिशेबात या दुसऱ्या जागी भरण्यासारखी रक्कम शून्य होती. मशिदीला रंग दिला, मिनाऱ्याला रोषणाई केली, उरुसाला मंडप घातला, या सगळ्याची पावती होती. यतीमांच्या फीची एकही पावती नव्हती. अल्लाहच्या घरावर खर्च करणे पुण्याचे आहे यात मला शंका नाही, परंतु वाकिफाने दोन तृतीयांश ज्यांना दिले त्यांचा वाटा मशिदीच्या फरशीत घालण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. वाकिफाने घातलेली अट ही शरियतच्या आदेशासारखीच पाळावी, असे फिकहचे (इस्लामी विधिशास्त्राचे) जाणकार सांगतात. त्या बैठकीत आमच्या इमामसाहेबांनी हीच गोष्ट ठामपणे मांडली. त्यांच्याच मानधनाचा प्रश्न त्यात गुंतलेला असताना त्यांनी ती मांडली, याचा मला आदर वाटतो.

आता भाड्याच्या प्रश्नाकडे येतो. या सगळ्या प्रवासात सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होता. चौदा भाडेकरूंपैकी बहुतेक जण आमचेच, एकाच सफीत (रांगेत) नमाज पढणारे होते. काहींच्या आजोबांनी दुकान घेताना त्या काळच्या कमिटीला पागडी दिली होती. त्या पागडीची पावती नव्हती, पण ती दिली गेली होती हे सगळ्या गावाला ठाऊक होते. पाच जणांनी दुकाने पोटभाड्याने दिलेली होती. ते स्वतः मशिदीला दीडशे रुपये देत आणि दर महिन्याला चार-पाच हजार घेत. त्यांतल्या एकाचे संभाजीनगरात दोन फ्लॅट आहेत. दुसऱ्या टोकाला एक शिंपी होते, ज्यांचा दिवसाचा धंदा तीनशे रुपयांच्या वर क्वचित जातो, आणि बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या एक बेवा खाला (मावशी) होत्या. सरसकट भाडे वाढवले तर या दोघांना दुकान सोडावे लागले असते. सरसकट सवलत दिली तर फ्लॅटवाल्याचीही सोय झाली असती.

बैठकीमागून बैठका झाल्या. काही सदस्यांचे म्हणणे असे होते, की गरीब भाडेकरूंना कमी भाडे आणि श्रीमंतांना पूर्ण भाडे असे दोन दर ठेवावेत. मला ते धोक्याचे वाटले, कारण कोण गरीब हे दर वेळी कमिटीच्या मर्जीवर ठरले असते आणि पुढच्या कमिटीने आपल्या माणसांना गरीब ठरवले असते. अडीचशे रुपयांवर भाडी गोठली ती अशाच सवलतींतून. शेवटी जे ठरले ते असे: भाडे आणि मदत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. भाडे प्रत्येक दुकानाचे क्षेत्रफळ आणि जागा पाहून एकाच रीतीने ठरेल आणि ते पूर्ण जमा होईल. ज्या भाडेकरूची परिस्थिती खरोखर बेताची आहे, त्याने मदतीसाठी इतरांसारखाच अर्ज करायचा, त्याची चौकशी होईल आणि वक्फनाम्याच्या अटींत बसत असेल तर त्याला निधीतून मदत मिळेल. ही मदत हिशेबाच्या वहीत मदत म्हणूनच लिहिली जाईल. खाला बेवा असल्याने थेट वक्फनाम्याच्या अटीत बसल्या. आज त्या बत्तीसशे रुपये भाडे भरतात आणि दोन हजार रुपये निर्वाहवेतन घेतात. हा उलटसुलट व्यवहार कशासाठी, असे त्यांनी पहिल्या महिन्यात विचारले होते. निर्वाहवेतन त्यांचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही, आणि वहीत त्यांचे नाव हक्कदार म्हणून लिहिलेले आहे, असे मी त्यांना सांगितले. शिंपीचाचा बेवाही नाहीत आणि यतीमही नाहीत. त्यांच्यासाठी वक्फनाम्यात जागा नव्हती, म्हणून त्यांची मदत कमिटीने जमिनीच्या उत्पन्नातल्या मिस्कीनांच्या वाट्यातून केली. कागद नीट वाचला की असे मार्ग त्यातच सापडतात.

पोटभाडेकरू ठेवणाऱ्या पाच जणांपैकी तिघांनी, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी मध्यस्थी केल्यानंतर, नवे करार मान्य केले. वक्फ मिळकतीचा एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा बोर्डाच्या पूर्वमंजुरीशिवाय कायद्याने रद्दबातल ठरतो, म्हणून हे करार लेखी आणि मुदतीचे केले. पुढे दीर्घ मुदतीने जागा द्यायची झाल्यास ती २०१४ च्या भाडेपट्टा नियमांप्रमाणे जाहीर बोलीनेच दिली जाईल, असा ठरावही केला. उरलेल्या दोघांनी आपणच मालक असल्याचा दावा केला आणि ती दोन प्रकरणे वक्फ न्यायाधिकरणात गेली. ती अजून चालू आहेत, त्यामुळे त्यांविषयी अधिक लिहिणे योग्य होणार नाही.

जमिनीची गोष्ट वेगळी आहे. ती दोन पिढ्यांपासून गावातले एक भूमिहीन मागासवर्गीय कुटुंब कसत आहे. ते मुस्लिम नाही. वर्षाला काही पोती ज्वारी किंवा दुष्काळात काहीच नाही, अशा तोंडी बटईवर हा व्यवहार चालत आला होता. कमिटी जागी झाली आहे हे कळताच तालुक्यातल्या एका धनिक शेतकऱ्याने त्याच जमिनीला दुप्पट ठोका (ठरावीक रोख खंड) देऊ केला. उत्पन्नाचा आकडा हेच जर एकमेव माप असते तर आम्ही तो घेतला असता. परंतु दारिद्र्य कमी करण्यासाठी असलेल्या मिळकतीने एका कष्टकरी कुटुंबाला मजुरीच्या नाक्यावर उभे करावे, ही गोष्ट मला पटणारी नव्हती आणि सुदैवाने बहुतेक सदस्यांना ती पटली नाही. दुकान पोटभाड्याने देऊन घरी बसणारा आणि जमिनीत घाम गाळणारा, हे दोघेही कमी पैसे देत होते म्हणून त्यांना एका तराजूत घालता येत नाही. शेतजमिनीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा कायद्याने चालत नाही. आम्ही त्या कुटुंबाशी एकरी सहा हजार रुपयांचा, एका वर्षाचा लेखी ठोका केला. पैसेवारी पन्नासपेक्षा कमी आली तर ठोक्यात सूट द्यायची, हेही त्यात लिहिले. लेखी कागद झाल्याचा फायदा त्यांनाही झाला, कारण उद्या कमिटी बदलली तरी त्यांना तोंडी हाकलता येणार नाही. पहिल्या वर्षी सोयाबीनचा भाव पडला, तरी त्यांनी ठोका दोन हप्त्यांत पूर्ण भरला.

सगळे मिळून उत्पन्न आता वर्षाला साधारण पाच लाख रुपये आहे. त्यातून बोर्डाचे अंशदान द्यावे लागते, जे पूर्वी निव्वळ उत्पन्नाच्या सात टक्के होते आणि २०२५ च्या दुरुस्तीने पाच टक्के झाले आहे. उत्पन्न एक लाखाच्या वर असल्यामुळे लेखापरीक्षणही होते. हिशेबाचे पत्रक दर तिमाहीला मशिदीच्या दाराशी मराठीत आणि उर्दूत लावले जाते. मदत घेणाऱ्यांची नावे त्यात नसतात, फक्त कामे आणि रकमा असतात.

वाटपाचे नियम ठरवताना पुन्हा वाद झाला. रमजानमध्ये दोनशे घरांना शिधा वाटावा असा एक आग्रह होता. तो मोठा दिसला असता आणि सगळ्यांच्या तोंडात दुवा आली असती. मी त्याला विरोध केला. शिध्यासाठी फितरा (रमजान ईदला गरिबांना द्यायचे दान) आहे, जकात आहे, सढळ हाताने देणारे लोक आहेत, आणि ते दरवर्षी देतातच. वक्फनाम्यात यतीमांचे शिक्षण लिहिले आहे आणि शिक्षणाला सलग पैसा लागतो. बारावीनंतर जीएनएम नर्सिंगला गेलेल्या मुलीला एका वर्षाची फी देऊन दुसऱ्या वर्षी हात वर केले, तर तिचे एक वर्ष आणि आपले पैसे दोन्ही वाया जातात. म्हणून आम्ही कमी मुले घेतो, पण घेतलेल्या मुलाचा अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत त्याला सोडत नाही. येणाऱ्या तीन वर्षांच्या फीची तरतूद दिसत असेल तरच नवे नाव घेतले जाते. फी थेट संस्थेच्या खात्यात भरली जाते. सध्या आयटीआय, नर्सिंग आणि पदविका अभियांत्रिकीला मिळून अकरा मुले-मुली आहेत आणि शाळेत जाणारी एकवीस. या निधीतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या दोघींना संभाजीनगरात रुग्णालयांत नोकऱ्या लागल्या आहेत. एकीने आईची धुणीभांडी बंद केली आणि धाकट्या भावाचा अर्ज यंदा कमिटीतून मागे घेतला, कारण त्याची फी आता तीच भरते. अशी सुटलेली जागा पुढच्या मुलाला मिळते आणि मूळ मिळकत जिथल्या तिथे राहते.

दुसऱ्या वर्षी एक अर्ज आला, ज्याने आम्हाला पुन्हा वक्फनामा उघडायला लावले. अर्जदार मुलगा हिंदू होता. वडील ऊसतोडीला गेले असताना अपघातात वारले होते, आई शेतमजुरी करते. काही सदस्यांनी शंका घेतली, की मुस्लिम स्त्रीने केलेल्या वक्फातून हे देता येईल का. वक्फनाम्यातले शब्द ‘या कसब्यातील यतीम मुले’ एवढेच होते. तिने कसबा लिहिला होता, जमात लिहिली नव्हती. जकात मुस्लिमांपुरती असते असे बहुसंख्य फिकहकार मानतात, परंतु ऐच्छिक दान आणि वक्फ गैरमुस्लिम गरिबांसाठी असण्याला मनाई नाही, असे इमामसाहेबांनी आणि संभाजीनगरातल्या एका मुफ्तींनी सांगितले. अर्ज मंजूर झाला. मुलगा आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करत आहे. या निर्णयावर गावात कुजबुज झाली, तशी दुसऱ्या मोहल्ल्यांतून मोकळेपणाने चौकशीही झाली, आणि वक्फ म्हणजे जमिनी बळकावण्याचा काही प्रकार असावा असे ज्यांना वाटत होते, असे काही लोक दाराशी लावलेला हिशेब वाचून गेले.

कमिटीतल्या तरुण सदस्यांनी आता नगदी वक्फाचा विषय काढला आहे. इंडोनेशियाने २००४ च्या वक्फ कायद्यात रोख रकमेच्या वक्फाला स्पष्ट मान्यता दिली. ज्याच्याजवळ दुकान किंवा जमीन नाही, त्यालाही पाचशे-हजार रुपयांचा वाकिफ होता यावे, ही त्यामागची दृष्टी मला मोलाची वाटते. आमच्या गावातल्या हमालांना आणि गवंड्यांना आपण फक्त झोळीत टाकत आहोत असे न वाटता, आपलेही कायमचे काही उभे राहिले असे वाटायला हवे. रक्कम कुठे गुंतवायची, व्याजाचा प्रश्न कसा टाळायचा आणि बोर्डाकडे तिची नोंद कशी करायची यांवर सध्या जाणकारांशी पत्रव्यवहार चालू आहे. त्याआधी दुकानांच्या ओळीवर पहिला मजला चढवून त्यात मुलींसाठी अभ्यासिका आणि चार गाळे काढण्याचा आराखडा तयार झाला असून, तो अंदाजपत्रकासह मंजुरीसाठी बोर्डाकडे पाठवला आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे अर्ज मे महिन्यात मशिदीच्या कार्यालयात स्वीकारले जातील. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, शाळेची गुणपत्रिका आणि रहिवासी दाखला एवढीच कागदपत्रे लागतात.